धारेवरून आलेलं लाकूड

होळीच्या तिसऱ्या दिवशी, संगमनेराजवळच्या अकोल्याच्या जंगल कचेरीत, आमच्या सोसायटीने अडीच हजार रुपये अनामत भरली. हजर होते ते असे: सोसायटीचे चेअरमन गोविंदतात्या, माझे वडील, रेंजरसाहेब, पैसे घेणारा कारकून आणि मी. वडील तोडीचे मुकादम होते. मी सतरा वर्षांची होते, नववीपर्यंत शिकले होते, आणि तात्यांचा कुठल्याच कारकुनावर विश्वास नव्हता म्हणून मला नेलं होतं. नोटा मी दोनदा मोजल्या, कारकुनाने एकदा. आकडा जुळला. मग बाहेर येऊन आम्ही भेळ खाल्ली आणि वडिलांनी घरी न्यायला पावशेर सुकट घेतली.

साल सांगायचं तर मोठ्या दुष्काळाच्या आधीचं. त्या काळी आमच्या बाजूला जंगलतोड ठेकेदारांच्या हातून थोडी थोडी सुटत होती आणि तोडणाऱ्यांच्याच सोसायट्यांना कूप मिळू लागले होते. कूप म्हणजे खात्याने तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. त्यातली शिक्का मारलेली झाडं पाडायची, लाकूड सडकेवरच्या डेपोत पोचवायचं, तिथे लिलाव व्हायचा आणि खर्च वजा जाऊन उरेल ते सोसायटीचं. आमच्या वाडीतल्या एकेचाळीस घरांनी पैसे घातले होते. कुणी शेळी विकून, कुणी हिरडा विकून. त्या वर्षी हुकूम उशिरा निघाला, त्यामुळे तोडीला आणि ओढीला मिळून तीन महिनेसुद्धा नव्हते. सात जूनच्या संध्याकाळपर्यंत सगळं लाकूड डेपोत आलं पाहिजे; मागे राहील ते सरकारजमा आणि त्यासोबत अनामतही गेली, असा करार होता. तो मी तात्यांना कचेरीच्या पायरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवला होता. तात्या म्हणाले, "सात जून म्हंजे मिरगाचा दिस. लई झालं."

आमचं घर वाडीच्या अगदी वरच्या टोकाला होतं. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, पुढे ओटा. आई पहाटे जात्यावर नाचणी दळायची. मग भाकरी, खुरासणीची चटणी, कधी आंबाडीची भाजी, आणि पावसाळ्यात खेकड्यांचं कालवण. त्या कालवणाचा वास आला की वडील ओट्यावरूनच विचारायचे, "किती नांग्या हायेत माझ्या वाट्याला?" आमची दोन भातखाचरं होती. एक दगडीच्या ओढ्याखाली, एक जांभळीच्या ओढ्याखाली. दोन्ही ओढे डोंगरातून येऊन खाली नदीला मिळायचे, त्यांच्यामध्ये डोंगराची एक लांब धार होती. भाताचं रोप टाकायच्या जागी उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे झाडांच्या फांद्या, वाळका पाला, शेण असं पसरून जमीन जाळायची, की तण मरतं आणि रोप जोमाने येतं. त्या पाल्याला आम्ही पातेरा म्हणायचो आणि तो झाडून आणायचं काम बायकांचं.

पावसाळ्यात घरात रात्रंदिवस बेडकांचा आवाज असायचा. ज्याने तो ऐकलेला नाही त्याला सांगून कळणार नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना झोप लागायची नाही. आम्हाला तो थांबला तर जाग यायची. आईने आवाजावरून एकेकाला नावं दिली होती. टक टक टक असं लाकडावर ठोकल्यासारखं बोलायचा तो सुतार. खाचरात हळदीसारखे पिवळे होऊन डरांव डरांव करणारे ते वऱ्हाडी. आणि एक अगदी बारका, झुडपात बसून किरकिर करणारा, त्याला ती माझ्या आत्याचं नाव घेऊन हाक मारायची. आत्या आली की मात्र गप्प बसायची. जांभळीच्या ओढ्यात तीन डोह होते आणि त्यांच्यावर जांभूळ, करंज, उंबर असे वाकलेले. झाडावर राहणारे बेडूक पाऊस सुरू झाला की त्या पानांवर पांढऱ्या फेसाचे गोळे करायचे, आपण साबण घुसळून ठेवावा तसे. त्यात त्यांची अंडी. काही दिवसांनी गोळा पातळ व्हायचा आणि त्यातून पिल्लं टपाटपा खाली डोहात पडायची. ती पडू लागली म्हणजे डोह आता आटत नाही, रोप उपटायला हरकत नाही, असं आई धरून चालायची. या मोजणीत ती कधी चुकली नाही असं मी म्हणणार नाही. दोनदा चुकलेली मला आठवते.

आदल्या वर्षी दगडीच्या ओढ्यावर कूप होता. तोडलेलं लाकूड बैलांनी ओढून खाली आणतात, त्याला ओढ म्हणतात, आणि ओढ नेहमी ओढ्यातूनच करायची अशी आमच्याकडची पद्धत. उन्हाळ्यात पात्र कोरडं, उतार सोपा, वाट आयती. वाटेत येतात म्हणून काठची झाडं आधी पाडायची, काठ फोडून ओंडके आत उतरवायचे आणि सरळ खाली. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, माझ्या वडिलांनाही नाही. ती ओढ त्यांनीच केली होती. पाऊस आला तेव्हा फुटलेल्या काठांची माती वाहून दगडीचे डोह बुजले. वर सावली नाही. बेडकांनी फेसाचे गोळे केले ते उघड्या दगडावर आणि गवताच्या काडीवर, आणि दोन दिवस उघडीप पडली की ते वाळून पापडीसारखे व्हायचे. मी एक बोटाने उचलून पाहिला, आत काळे ठिपके तसेच चिकटलेले. श्रावणापर्यंत तो ओढा मुका झाला. भाद्रपदात त्याखालच्या खाचरांमध्ये अळी पडली, अशी की रात्रीतून पाती जाऊन नुसत्या काड्या उभ्या. आमच्या त्या खाचरात दरवर्षी अकरा पोती भात व्हायचं, त्या वर्षी चार झालं. जांभळीखालच्या खाचरात अळी आली आणि गेली. तिथे नेहमीचं नऊ पोती झालं. बेडूक गेले म्हणूनच अळी माजली हे मी शपथेवर सांगणार नाही. पाऊसही त्या वर्षी तुटक होता. पण दोन खाचरं, एकच बी, एकच हात, आणि मधे फक्त एक धार. आईने तो हिशेब बोटांवर केला होता आणि तिला तेवढा पुरला.

नवा कूप जांभळीच्या ओढ्यावर होता.

अनामत भरून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर बैठक झाली. पुरुष पारावर, बायका खाली सावलीत. तात्यांनी सुपारी कातरत सुरुवात केली. "काम सरळ हाय. जांभळीच्या ओढ्यानं ओढ करायची. माझं बैल हायेत, घोडेगावच्या बाजारातनं आनलेलं, हत्तीवानी. मे सरायच्या आत समदं लाकूड सडकंला."

"ओढ्यातनं न्हाई न्ह्यायचं," खालून आवाज आला.

"कोन बोललं त्ये?"

"मी बोलले. हिरा."

तात्यांनी वडिलांकडे पाहिलं. "मुकादम, तुमच्या घरचं मानूस बोलतंय."

"ऐकतोय की," वडील म्हणाले. त्यांना हे घरी आधी कळलेलं नव्हतं. चेहऱ्यावरून दिसत होतं.

आई उठून उभी राहिली. पदर खोचलेलाच होता. "मागल्या साली दगडीच्या ओढ्याचं काय झालं त्ये समद्यांनी बघितलंय. डोह बुजलं. बेडूक ऱ्हायलं का एक तरी? आन मंग अळी पडली. माझ्याच खाचरात न्हाई, जनाच्या बी, तात्या, तुमच्या भावाच्या बी. आता ह्यो एक ओढा ऱ्हायलाय. ह्यो बी मोडला तर खायचं काय, लाकडं?"

"अगं, अळी काय बेडकाला इचारून येती?" तात्या हसले. "का बेडूक राखन करत्यात खाचराची? पगार देतीस का त्यास्नी?"

पारावर सगळे हसले. जनाकाकू आमच्या शेजारची, तोंडाची तिखट. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "पगार न्हाई देत म्हनून तर बरं हाय, तात्या. पगार दिला आस्ता तर तुमच्यावानी हजेरी लावून झोपलं आस्तं."

आता बायका हसल्या. तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि नेमका घाव घातला. "बरं. काठचा पातेरा राबाला झाडून कोन न्हेतं? तुमीच ना? उन्हाळ्यात बेडूक त्या पातेऱ्याखालीच गारव्याला बसत्यात. खराटा मारला की समदं उघडं. मंग बेडूक कुनी मारलं, माझ्या बैलांनी का तुमच्या खराट्यांनी?"

हे खरं होतं. मीच दरवर्षी त्या काठावरून चार-पाच पाट्या पातेरा आणायची, आणि खाली सुस्त बसलेले बेडूक पायाने बाजूला सारायची. आई म्हणाली, "व्हय. त्ये बी आमचंच हाय. यंदापास्नं काठचा पातेरा झाडायचा न्हाई. जना, ऐकलंस?"

"मंग राब कशाचा भाजू? माझ्या झिंज्यांचा?"

"वरनं डोंगरातनं आन."

"ऐकलं बाई. मुकादमीन हायेस तू."

मग आईने तिची बोली सांगितली. काठची झाडं उभी ठेवायची. ओढ ओढ्यातून न करता धारेवरून, खिंडीतून, जुन्या गुरवाटेने करायची. ओढ्याने सडक मैलभर, धारेने अडीच मैल. मोठे ओंडके गड्यांनी आणि बैलांनी न्यावेत. वासे, दांडे, जळाऊ लाकूड, सगळं बारकं सामान बाया डोक्यावरून नेतील. मात्र रोज गड्याइतका, तीन रुपये. तेव्हा बाईला दोन मिळत.

"आन सात जूनला न्हाई पोचलं तर?" तात्यांनी विचारलं.

"तर आमी एक पैसा मागनार न्हाई. केलं त्ये फुकट केलं."

आता सगळे वडिलांकडे बघायला लागले, कारण ओढीची वाट ठरवणं मुकादमाचं काम. वाट चुकली तर एकेचाळीस घरांचे अडीच हजार बुडणार होते आणि ते त्यांच्या बायकोच्या शब्दावर बुडाले असं वाडी जन्मभर म्हणणार होती. वडील फार बोलणारे नव्हते. त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. "दगडीची ओढ मीच केली हुती," ते म्हणाले. "चार पोती भात घरी आनताना लाज वाटली. जाऊ धारंवरनं. वेळंत न्हाई गेलं तर मुकादमकी सोडली."

घरी मात्र जेवताना त्यांचा आवाज चढला. "आदी सांगायला काय झालं हुतं? अडीच हजार टांगून ठेवलं तू!"

"आदी सांगितलं आस्तं तर नको म्हनाला आस्ता," आई म्हणाली. "भाकर खावा. निवतीय."

काठच्या झाडांबद्दल रेंजरसाहेबांना विचारावं लागलं, कारण ती शिक्क्यातली होती. ते कुपावर आले, वडिलांचं ऐकलं आणि म्हणाले, "ही झाडं सोडायची? अहो, ती तुमच्या हिश्शातली आहेत. सोडलीत तर त्यांचे पैसे तुम्हाला मिळणार नाहीत."

"न्हाई मागत, सायेब. ऱ्हाऊ द्या उभी."

"लोक एखादं झाड जास्त तोडतात म्हणून मी उन्हातान्हात हिंडतो," साहेब म्हणाले. "कमी तोडणारे आज पहिल्यांदा बघतोय." त्यांनी पाणी मागितलं, आईने डोहातून आणलेलं दिलं, आणि ते आणखी एक तांब्या प्याले.

तोड महिनाभरात आटोपली. ओढ सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तात्यांचे घोडेगावचे बैल कळले. दिसायला खरंच देखणे, पांढरेशुभ्र, शिंगांना गोंडे; पण सगळं आयुष्य सपाटीवर गेलेलं. धारेच्या चढाला लागले आणि त्यांतला सरदार नावाचा बैल वाटेतच खाली बसला. तात्यांनी गोंजारलं, शिव्या दिल्या, गूळ दाखवला. सरदाराने गूळ खाल्ला आणि बसून राहिला. जनाकाकू डोक्यावर वाशांचा भारा घेऊन मागे खोळंबली होती. "तात्या, उठवू नगा त्याला," ती म्हणाली. "त्यो बी चेअरमन हाय. बसूनच काम करनार." शेवटी आमच्याच वाडीच्या डांगी जोड्या जुंपल्या. काळेपांढरे, बुटके, दिसायला काही नाही, पण पावसाडोंगरातले, खूर दगडासारखे. वाडीत अशा तीनच जोड्या होत्या.

आम्ही तेवीस बाया होतो. सकाळी भाकरी बांधून निघायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा, आणि एकीमागे एक अशी रांग खिंडीकडे. चढताना कुणी बोलत नसे. खिंडीत वारा लागला की मग तोंडं सुटायची: कुणाच्या सासूचं, कुणाच्या नवऱ्याचं, कुणाच्या भाऱ्यात वासे कमी आणि वाऱ्याचीच भर जास्त आहे याचं. जाळीत करवंदं पिकली होती. भारा न उतरवता हात लांबवून ती तोडायला मी तिथे शिकले. माझी मान पहिले आठ दिवस इतकी दुखायची की भाकरीचा घास घ्यायला मी डोकं वळवायचे नाही, ताट वळवायचे. आज पंचावन्नाव्या वर्षी डॉक्टर एक्स-रे लावून विचारतात की मणक्यावर कधी ओझं पडलं होतं का. मी त्यांना सांगते, पडलं होतं, रोजचे तीन रुपये मिळणार होते.

मेच्या मध्यावर मी ओट्यावर बसून हिशेब केला. आजवर किती ओंडके गेले, किती राहिले, दिवस किती. पुन्हा केला. बारकं लाकूड वेळेत संपत होतं, पण मोठे ओंडके या चालीने गेले तर शेवटचा पंधरा जूनला डेपोत पोचणार होता. वडिलांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावरून उठून गोठ्यात गेले. आईने तव्यावरची भाकरी करपेपर्यंत उलटली नाही. तिच्या हातून भाकरी करपलेली मी त्या एकदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी भारा घेतला नाही. एका डांगी जोडीच्या मागे चालत गेले आणि कुठे किती वेळ जातो ते बघत राहिले. धारेवरचा चढ-उतार ते बैल बिनबोभाट काढत होते. वेळ जात होता तो पुढे, धार उतरल्यावर सडकेपर्यंतच्या माळावर. तो रस्ता सोपा म्हणून कुणी तिकडे बघितलं नव्हतं. पण लांब होता, आणि आखूड पायांची ती जनावरं जाताना ओझं घेऊन, येताना रिकामी, अर्धा दिवस त्यावरच घालवत होती. आणि तिथे सपाटी होती.

मी तशीच तात्यांच्या घरी गेले. ते अंगणात सरदाराला कडबा घालत होते. सरदार महिनाभर खाऊन गोल झाला होता. मी म्हटलं, "तात्या, तुमच्या बैलांना काम हाय. धारंच्या पायथ्यापास्नं सडकंपर्यंत. चढ न्हाई, उतार न्हाई. आमचं बैल धारंवरच ठेवायचं, पायथ्याला लाकूड सोडून माघारी फिरवायचं."

तात्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. महिनाभर ते लोकांच्या टोमण्यांनी घायकुतीला आले होते. "आन किती दिसांत व्हईल?"

"चार जूनला. पाऊस न्हाई आला तर."

"आन आला तर?"

"त्ये मला म्हाईत न्हाई."

"खरं बोलतीस," ते म्हणाले आणि आत तोंड करून ओरडले, "जू काढा रं माळ्यावरचं!"

सरदार सपाटीवर काय होता ते वाडीने मग पाहिलं. दोन डांगी जोड्यांनी आणलेलं तो आणि त्याचा जोडीदार एका खेपेत ओढायचे, आणि तात्या पुढे स्वतः, धोतर खोचून, साठीच्या माणसाला न शोभेल असे पळत. त्यांना ओढ्याची वाट हवी होती हे ते विसरूनच गेले. आता लाकूड पायथ्याला यायला उशीर झाला की तेच खिंडीकडे बघून ओरडायचे, "झोपला का रं वर? माझं बैल खोळंबल्यात!"

पाऊस आला. दोन जूनला दुपारी वळवाने धार अशी झोडपली की गुरवाट शेवाळल्यासारखी झाली. दुसऱ्या दिवशी कुणालाच वर पाय रोवता येईना. चार तारखेलाही तेच. वर कुपात नऊ मोठे ऐनाचे ओंडके पडून होते. बैल उतारावर घसरायला लागले तेव्हा वडिलांनी त्यांना सोडवलं. एक जोडी पडून मोडली तर कुणाची भरपाई कोण करणार? मग ओंडक्याच्या मागच्या टोकाला दोर बांधून तो वरच्या झाडाच्या बुंध्याला वेढे देऊन हळूहळू सोडायचा, आणि पुढे माणसांनी ओढायचं, असं सुरू झालं. गडी पुरेनात. आईने डोक्यावरची चुंबळ काढून फेकली आणि दोर धरला. मग जनाकाकूने, मग आम्ही सगळ्यांनी. त्याआधी आमच्या वाडीत बायांनी ओंडक्याच्या दोराला हात लावलेला नव्हता. ओंडका अडतो म्हणायचे. पाचला दोन गेले, सहाला चार. सातला सकाळी तीन उरले होते आणि आभाळ काळं होतं.

शेवटचा ओंडका पायथ्याला आला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. आम्ही चिखलात बसकण मारली. एकीच्याही तळहाताला कातडी धड नव्हती. तात्यांनी सरदाराला जुंपलं आणि म्हणाले, "बसता काय? चला की! गार्ड डेपो बंद करंल." मग तो ओंडका पुढे आणि मागे सगळी वाडी, पुरुष, बाया, पोरं, असे आम्ही माळावरून सडकेला गेलो. गार्ड हातात शिक्क्याचा हातोडा घेऊन फाटकापाशीच उभा होता. त्याने सूर्याकडे पाहिलं, अजून तो डोंगराच्या वर हातभर होता. त्याने ओंडक्यावर हातोडा मारला. त्या एका ठोक्यावर जो आरडाओरडा झाला तो खाली नदीपलीकडच्या वाडीला ऐकू गेला, असं तिथले लोक नंतर सांगायचे. तात्यांनी सरदाराच्या दोन शिंगांमध्ये आपली टोपी घातली. वडील आईकडे बघून एवढंच म्हणाले, "पोचलं."

"मी म्हनलंच हुतं," आई म्हणाली, आणि मग मात्र रस्त्याच्या कडेला बसून पदरात तोंड घालून रडली. जनाकाकू तिच्या पाठीवर थापट्या मारत होती आणि सगळ्यांना सांगत होती की हिराला लाकडाची धूळ गेली डोळ्यात.

पाऊस नीट लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी आईने मला हाक मारून ओढ्यावर नेलं. जांभळाच्या पानापानांवर फेसाचे गोळे लटकले होते. मी अठ्ठावीस मोजले आणि मग थांबले, कारण पलीकडच्या करंजावर आणखी होते. खालचे तिन्ही डोह स्वच्छ होते. काठचा पातेरा आम्ही झाडला नव्हता, तो भिजून काळा झाला होता, आणि पाऊल टाकलं की त्यातून बारके बेडूक दोन्ही बाजूंना उडत होते. सुतार ठोकत होता. आई म्हणाली, "आत्या बी आलीय." झुडपात किरकिर चालली होती. त्या वर्षी भाद्रपदात अळी आली, खाचराच्या एका कोपऱ्यात दिसली, आणि आठवड्यात तिचा मागमूस राहिला नाही. जांभळीखालच्या खाचरात दहा पोती झालं. दगडीखालचं सुधारायला पुढे सात वर्षं लागली, तिथे काठ परत उभे राहीपर्यंत. आता मी संगमनेरला राहते. गावी जाते तेव्हा ओढ्यावर जाऊन येते. तिसरा डोह पुढे रस्त्याच्या कामात गेला. दोन आहेत. मोजायला गेलं तर मला अठ्ठावीसपर्यंत अजून जाता येतं.

पुढच्या वर्षीही कूप मिळाला, आणि ओढीची वाट कोणती हा प्रश्न बैठकीत निघालाच नाही. शेजारच्या सोसायटीचे लोक आमची धार बघायला आले होते. तात्या त्यांना सांगत होते, "ओढ्यातनं ओढ? छ्या! आमी न्हाई करत तसलं."

धारेवरून आणलेल्या त्या पहिल्या लाकडाचा लिलाव झाला आणि त्याच वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी पारावर वाटप झालं. हजर होते तात्या, वडील, एकेचाळीस घरचे गडी आणि आम्ही तेवीस जणी. अनामत परत आली होती, ती ज्याची त्याला दिली. मग तात्यांनी बायांच्या रोजाचे पैसे काढले आणि रिवाजाप्रमाणे नवऱ्यांची नावं पुकारायला लागले. पहिला गडी उठला. आई म्हणाली, "बस रं बाबा. तू कवा भारा न्हेला?" तो हसून बसला. तात्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बरं, बायांनो, तुमीच या. येकेक या, दंगा नगा करू." मग एकेक बाई पारापाशी गेली आणि तात्यांनी वाकून तिच्या हातात पैसे ठेवले. जनाकाकूने तिथेच उभं राहून तीनदा मोजले आणि तात्यांना म्हणाली की सरदाराला माझ्याकडून गूळ. तेवीस बायांना मिळून तीन हजार एकशे पाच रुपये दिले गेले. मला बेचाळीस दिवसांचे एकशे सव्वीस. आईला सत्तावन्न दिवसांचे एकशे एक्काहत्तर, दिवसाला तीन रुपये दराने, तिच्या स्वतःच्या हातात.